कोपऱ्यातली खुर्ची

माझ्या वर्गात दाराजवळच्या कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची होती. मॉन्टेसरीच्या वर्गात बाक नसतात, फळ्यासमोर बाईंचं टेबलही नसतं. मुलं चटया अंथरून नाहीतर बुटक्या टेबलांवर आपापलं काम करत असतात. त्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या मापाची ही एकच खुर्ची उठून दिसायची. वर्ग बघायला येणाऱ्याने तिच्यावर बसायचं, बोलायचं नाही, मुलांच्या कामात हात घालायचा नाही, असा नियम. प्रवेशाआधी पालक बसायचे, अधूनमधून मुख्याध्यापिका, वर्षातून एकदा ट्रस्टी. खुर्ची भरली की माझ्या पोटात गोळा यायचा. रिकामी असली तरी माझा अर्धा जीव तिकडेच.

ही पुण्यातली गोष्ट, चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची. शाळा बरी होती, माणसंही बरी होती. तरी तिसऱ्या वर्षी मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. तो दिला का नाही, ते सांगायला हा लेख लिहितेय.

आपल्याकडे मॉन्टेसरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बालवाडी येते. मी शिकवायचे सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना. सरकारी हिशेबात पहिली, दुसरी, तिसरी, पण तिन्ही एकाच वर्गात. याला एलिमेंटरी म्हणतात. पुढे नऊ ते बाराचा आणखी एक गट असतो. गंमत म्हणजे या सहा ते बाराच्या शिक्षणाला खरा आकार आला तो आपल्याच देशात. मारिया मॉन्टेसरी १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. आल्या थोड्या काळासाठी, पण दुसरं महायुद्ध सुरू झालेलं. १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि या बाई एका दिवसात शत्रुराष्ट्राच्या नागरिक झाल्या. त्यांच्या मुलाला, मारिओला, इंग्रज सरकारने स्थानबद्ध केलं. ३१ ऑगस्टला, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, सोडलं. १९४२ ते १९४४ ही वर्षं मायलेकांनी कोडाईकनालला काढली. तिथे डोंगर, झाडं, ओढे आणि वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र. विश्व कसं झालं, जीव कसे आले, माणूस कधी आला, लिपी आणि आकडे कुठून आले, अशा पाच मोठ्या गोष्टींभोवती सगळं शिक्षण गुंफायचं, ही कल्पना तिथे फुलली. परक्या देशात, संशयाच्या नजरेखाली राहून एका बाईने मुलांना अख्ख्या विश्वाचं नागरिक करायचा विचार केला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला त्या एकदम जवळच्या वाटल्या होत्या.

प्रशिक्षण घेताना हे सगळं फार सुंदर वाटतं. मग वर्ग मिळतो आणि तुम्ही एकट्या पडता.

एकट्या म्हणजे अक्षरशः. आमच्या शाळेत तीन ते सहाचे चार वर्ग होते. त्या चौघी मधल्या सुट्टीत एकमेकींना विचारायच्या, रुसायच्या, साहित्य उसनं घ्यायच्या. एलिमेंटरीचा वर्ग एकच, बाई एकच. पाठ्यपुस्तक नाही, तासिका नाहीत. हातात असतात ते आपणच प्रशिक्षणात लिहिलेले अल्बम, म्हणजे जाडजूड फायली. गणित, भूमिती, भाषा, भूगोल, जीवशास्त्र, इतिहास. प्रत्येक पाठ स्वतःच्या अक्षरात, स्वतः काढलेल्या चित्रांसकट. चेकरबोर्डवर मणी कसे मांडायचे ते त्यात असतं. सकाळपासून टेबलाखाली बसून राहिलेल्या मुलाचं काय करायचं, ते नसतं. आणि सहा वर्षांनंतरचं मूल हे काही बालवाडीतलं गोड बाळ नव्हे. त्याचे दात पडत असतात, त्याला टोळी हवी असते, न्याय-अन्यायावर ते दिवसभर भांडू शकतं. "ताई, त्याने आधी ढकललं" हे वाक्य मी तीन वर्षांत किती हजार वेळा ऐकलं असेल, अल्ला जाणे.

विचारायचं कुणाला? आणि खरं सांगायचं तर, विचारायचं होतं कुठे?

हे थोडं उलगडून सांगायला हवं. मुलाखतीत मला पहिलं वाक्य ऐकायला मिळालं होतं, "अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे!" ज्यांना हे वाक्य आयुष्यात कधी ना कधी ऐकावं लागलंय, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. माझे अब्बा सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते, मी मात्र मराठी शाळेत शिकले, गल्लीत मराठीतच भांडले. कौतुक करणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलं की इथे मी एकटी नाही, माझ्याबरोबर माझी अख्खी जमात मुलाखतीला आली आहे. शेजारच्या बाईचा वर्ग गोंगाट करतो तेव्हा तिचा दिवस वाईट असतो. माझा वर्ग गोंगाट करेल तेव्हा 'ह्यांचं' असंच असतं. असं कुणी म्हटलं होतं का? कधीच नाही. पण भीतीला पुरावा लागत नाही. म्हणून मी कधीही, कुणालाही, "मला हे जमत नाहीये" असं म्हटलं नाही. स्टाफ मीटिंगमध्ये माझा वर्ग नेहमी उत्तम चाललेला असायचा.

अब्बांचं मला कधीकधी हसू यायचं. महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद असायची. आसपासच्या शाळांचे शिक्षक जमायचे, केंद्रप्रमुख परिपत्रकं वाचून दाखवायचे, सह्या व्हायच्या. अब्बा त्या दिवशी उशिरा घरी यायचे. अम्मी विचारायची, "इत्ती देर?" तर म्हणायचे, परिषद चार वाजता संपली, पण खरी परिषद नंतर टपरीवर सुरू झाली. तिथे कुणी सांगायचं, माझ्या दुसरीच्या पोरांना हातच्याची वजाबाकी येता येत नाही. कुणी म्हणायचं, मी काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवतो, तसं करून बघ. मराठी शाळेचे गुरुजी, उर्दूचे अब्बा, एक कानडी मुलुखातून बदलून आलेले. चहा पुन्हा मागवला जायचा. माझ्यासारख्या महागड्या प्रशिक्षणाच्या मुलीकडे ती टपरी नव्हती.

तर तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापिकांनी सांगितलं की दुसऱ्या एका शाळेतल्या, वीस वर्षं एलिमेंटरी शिकवलेल्या ताई तुमच्या वर्गात तीन दिवस बसणार आहेत. मला ऐकू आलं ते असं, तुमची तक्रार आली आहे. त्याच रात्री मी राजीनामा लिहिला.

त्या आल्या. सुती साडी, खांद्यावर शबनम, हातात चौकटीची वही. पहिलं काय केलं असेल, तर ती खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवली आणि भिंतीशी चटईवर बसल्या. गुडघे दुखत होते, ते दिसत होतं. तीन दिवस काही बोलल्या नाहीत. मी मात्र तीन दिवस परीक्षेला बसल्यासारखी वावरले. आवाज चढू दिला नाही, प्रत्येक मुलाच्या हातात काहीतरी काम दिलं.

तिसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर त्यांनी वही उघडली. मला वाटलं, आता माझ्या चुकांची यादी. तिथे माझ्याबद्दल जवळजवळ काही नव्हतं. तीन मुलांचे आलेख होते. आडवी रेघ वेळेची. काम शांतपणे चाललंय तोवर रेष सरळ, मूल कामात बुडालं की वर, चुळबुळ सुरू झाली की खाली. ही मॉन्टेसरींचीच जुनी पद्धत, प्रशिक्षणात शिकलेली आणि नंतर गुंडाळून ठेवलेली. तिन्ही मुलांची रेष दहाच्या सुमाराला खाली जात होती, आणि तिन्ही दिवस खाली गेल्यावर दोन मिनिटांत तिथे एक छोटी फुली होती. फुलीपाशी लिहिलेलं, 'घंटा'.

मी रोज दहा वाजता घंटा वाजवत होते. गलबला वाढला की छोटी पितळी घंटा, "चला, सगळे आपापल्या चटईवर." मुलं गुपचूप बसायची. फुलीनंतर रेष सरळ व्हायची आणि सुटीपर्यंत सरळच राहायची. वर काही जायची नाही.

मॉन्टेसरींनी याला खोटा थकवा म्हटलं आहे. सकाळी आल्यावर मुलं सोपी, ओळखीची कामं करतात. तास-दीड तासाने वर्ग उसवल्यासारखा होतो, मुलं उठतात, बोलतात, फिरतात. बघणाऱ्याला वाटतं दमली. खरं तर ती मोठ्या कामासाठी जुळवाजुळव करत असतात. पुढची काही मिनिटं कुणी मध्ये पडलं नाही तर दिवसाचं सगळ्यात खोल काम त्यानंतर होतं. सलग तीन तासांची सकाळ ठेवायची ती यासाठीच. हे मला पाठ होतं. परीक्षेत मी याचं उत्तर लिहिलं होतं. आणि रोज दहा वाजता मी ते माझ्या हाताने मोडत होते.

पण ताई यातलं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "दहा वाजता तुम्हाला काय होतं?"

मुलांना नव्हे, मला. बराच वेळ मी गप्प होते. मग म्हणाले, "भीती वाटते." "कशाची?" "आवाज बाहेर ऐकू जाईल." मुख्याध्यापिकांचं ऑफिस शेजारीच होतं. मग एकदा सुरू झाल्यावर थांबलंच नाही. मुलाखतीतलं वाक्य, खुर्ची, जमात, सगळं बाहेर आलं. रडलेही असेन. त्यांनी माझी समजूत काढली नाही. "असं काही नसतं हो, तुमच्या मनात आहे" असं म्हणाल्या असत्या तर मी ती वही तिथेच मिटली असती. त्या म्हणाल्या, "असेलही. मला ते कधी सोसावं लागलं नाही, त्यामुळे मी काय बोलणार. माझी वेगळी गोष्ट आहे." आणि त्यांनी सांगितलं की सातव्या वर्षी, एका पावसाळी दिवशी, त्यांनी वर्गातल्या एका मुलाला मारलं होतं. मॉन्टेसरीच्या शिक्षिकेने मूल मारणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळणार नाही. त्यांनी ते पालकांना सांगितलं, माफी मागितली, पण बरोबरीच्या कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. "अशी गोष्ट एकटीने वाहिली की कुजते," एवढंच म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

मी घंटा कपाटात ठेवली. लगेच जादू झाली नाही. पहिल्या आठवड्यात दहा वाजता जे सुरू झालं ते मोठ्या कामाकडे न जाता थेट धिंगाण्याकडे गेलं. लांब भागाकाराच्या साहित्यात काचेच्या नळ्यांतून मणी असतात, त्यातल्या चार नळ्या फुटल्या. महिनाभर आम्हाला चटयांखाली हिरवे-निळे मणी सापडत होते. मी हात मांडीखाली दाबून बसायचे, खरोखर. मग एके दिवशी साडेदहाला दोन पोरांनी ठरवलं की जगातला सगळ्यात मोठा गुणाकार करायचा. कागदाला कागद चिकटवत त्यांचं गणित दारापर्यंत गेलं, दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये. उत्तर चुकलं होतं. कुठे चुकलं ते शोधण्यात आणखी एक दिवस गेला, आणि तो दिवस मला त्यांच्यापेक्षा जास्त आवडला. मुख्याध्यापिका पॅसेजमधून जाताना कागद ओलांडून गेल्या. काही बोलल्या नाहीत.

राजीनाम्याचा कागद किराण्याच्या यादीला कामी आला.

नंतर ताईंनी मला त्यांच्या शनिवारात ओढलं. वेगवेगळ्या शाळांतल्या चौघी, महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी घरी. एकच नियम काटेकोर होता, इथलं बोलणं कुठल्याही शाळेच्या ऑफिसात जाणार नाही. एकीने एका मुलाबद्दल बोलायचं, बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. हे फार अवघड असतं. शिक्षकाला सल्ला गिळायला सांगणं म्हणजे रोजा सोडायच्या वेळी ताटासमोर बसवून अजान लांबवणं. पण प्रश्नांनीच अनेकदा गाठ सुटायची. तो जेवतो कुणाबरोबर? तो काय काम करताना हसतो? तुम्ही त्याचं नाव घेताना आवाज कसा असतो? बोलता बोलता हात चालू असायचे. एलिमेंटरीचं अर्धं साहित्य विकत मिळत नाही, शिक्षकाने करायचं असतं. जीवसृष्टीचा लांबलचक कालपट, तक्ते, नावांच्या पट्ट्या. पापड लाटताना बायका जे बोलतात ते समोरासमोर बसून बोलत नाहीत, तसंच हेही. कात्री चालू असताना कबूल करणं सोपं जातं.

तिथेच मी माझी आणखी एक गोष्ट कबूल केली. पहिल्या मोठ्या गोष्टीचं मॉन्टेसरींनी ठेवलेलं नाव आहे 'हात नसलेला ईश्वर'. तो काही हाताने घडवत नाही. तो नियम देतो, आणि पाणी, आग, दगड, वारा, सगळे आपापला नियम पाळतात. वर्षाच्या सुरुवातीला अंधार करून, बर्फ, मेणबत्ती, फुगा, रंगीत पाण्याचे प्रयोग करत ती सांगायची. मला ती ऐकताना लहानपणीचं आठवायचं. अब्बा सांगायचे, अल्लाहने म्हटलं 'कुन', हो, आणि झालं. ना हात, ना चेहरा. ही गोष्ट तर माझ्या घरचीच होती! आणि तीच मी वर्गात सांगत नव्हते. फक्त प्रयोग दाखवायचे. उद्या कुणी पालक म्हणाले, बाई आपला धर्म शिकवतात, तर? एकदा एका मुलीने विचारलं, "ताई, पण हे नियम दिले कुणी?" मी म्हणाले, "चला, मेणबत्ती विझवूया."

चौघींनी प्रश्न विचारले. एकीने विचारलं, त्या मुलीचा चेहरा कसा झाला? मला आठवेना. मी मेणबत्तीकडे बघत होते. दुसरीने सांगितलं की तीही देवाचं नाव गाळते, घरी सासरे कट्टर आणि शाळेतले पालक कट्टर नास्तिक, दोघांना भिऊन. आम्ही हसलो. पुढच्या जूनमध्ये मी सांगितलं, काही लोक म्हणतात असा एक आहे ज्याला हात नाहीत. तुमच्या घरी काय म्हणतात ते विचारून या. दुसऱ्या दिवशी वर्गात गणपती आला, येशू आला, बिग बँग आला, आणि एका मुलाची आजी म्हणाली होती की तिला माहीत नाही, पण कळलं तर तिलाही सांगा.

आता थोडं विषय सोडून. जानेवारी आला की आपण सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांच्या तसबिरींना हार घालतो, पोस्ट टाकतो. १० ऑक्टोबर १८५६ ला सावित्रीबाईंनी माहेरी नायगावहून जोतिबांना लिहिलेलं पत्र आहे. त्या आजारपणातून उठत होत्या. त्यात फातिमाचा उल्लेख येतो, की माझ्यामागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकूर करणार नाही. एवढाच उल्लेख. मला ते पत्र समाजसुधारणेचा दस्तऐवज म्हणून वाचता येत नाही. मला त्यात एक शिक्षिका दिसते जी आजारी रजेवर आहे, आणि तिला माहीत आहे की तिचा वर्ग कुणाच्या अंगावर पडलाय. तसंच कोसबादचं. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम सगळे सांगतात, अंगणवाडी, कुरणशाळा, दगड-पानं-शिंपल्यांतून केलेली साधनं. पण १९४५ मध्ये बोर्डीला कामाला सुरुवात झाली तेव्हा ताराबाई त्रेपन्नच्या होत्या आणि अनुताई पस्तिशीच्या, त्याही आधी कित्येक वर्षं शाळेत शिकवून आलेल्या. रात्री कंदिलाशी बसून त्या दोघी दिवसभरातल्या फजितीबद्दल काय बोलत असतील? मला ते वाचायला आवडलं असतं. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न'मधले मास्तर चौथीचा वर्ग घेऊन एकटे लढतात, सहकारी थट्टा करतात, आणि वर्ष संपतं तिथे पुस्तक संपतं. मी नेहमी विचार करते, दुसऱ्या वर्षी त्यांचं काय झालं?

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला पन्नास तास प्रशिक्षण आहे, मार्गदर्शकांचं राष्ट्रीय मिशनही आहे. चांगलं आहे. फक्त पन्नास तासांत टपरी कुठे बसवायची, ते बघायला हवं.

इथपर्यंत लेख थांबवला असता तर मी मोठी भली बाई ठरले असते. पण पुढचं सांगितल्याशिवाय हे खोटं होईल.

सहा-सात वर्षांपूर्वी आपल्याच समाजाच्या एका शाळेने एलिमेंटरीचा वर्ग सुरू केला. मुंबईच्या बाजूला, दाट वस्तीत. तिथे एक चोवीस वर्षांची मुलगी शिकवायला लागली होती, आणि तिला मदत करायला मला बोलावलं. मी आनंदाने गेले. लोकल, मग शेअर रिक्षा, हातात चौकटीची वही. आणि तिथे गेल्यावर मी ताई झाले नाही, मी खुर्ची झाले.

का ते मला पक्कं ठाऊक आहे. ती आपल्यातली होती. ती कमी पडली तर लोक म्हणतील, बघा. म्हणून तिने कमी पडता कामा नये. जी भीती मी पुण्यात कपाटात ठेवली असं समजत होते, ती मी तिच्यासाठी पिशवीतून घेऊन गेले होते. पहिल्याच भेटीनंतर मी तिला सतरा मुद्दे लिहून दिले. मांडणी चुकीची, फडताळावरच्या साहित्याचा क्रम चुकीचा, आवाज मोठा, नोंदी अपुऱ्या. एकही मुद्दा चुकीचा नव्हता. ती प्रत्येकाला म्हणाली, "जी आपा." पुढच्या महिन्यात परत गेले तर नऊ मुद्दे सुधारलेले. मी खूश. तिसऱ्या महिन्यात गेले तर वर्गात दुसरी कुणी होती.

नंतर कळलं की वर्गात बेचाळीस मुलं, मदतनीस नाही, साहित्य निम्मं. घरात कमावणारी तीच. हे मी विचारलंच नव्हतं. बेचाळीस मुलं तर मला दिसत होती, पण मी फडताळ बघत होते. मी फोन केला, तिने उचलला नाही. दोन दिवसांनी मेसेज आला. आपा, तुमची मेहेरबानी, खूप शिकायला मिळालं. आणि खाली वेगळ्या ओळीत, तुम्ही आलात की मला नापास झाल्यासारखं वाटायचं, माफ करा.

माफी तिने मागितली होती.

मी ते शनिवारी चौघींना सांगितलं. ताई तेव्हा थकल्या होत्या, निवृत्त झालेल्या. त्यांनी सवयीने प्रश्न विचारला, "तिला काय चांगलं येत होतं?" आणि मला उत्तर देता आलं नाही. तीन भेटी, चार-चार तास, वहीची अकरा पानं. त्यात तिच्या एका मुलाचाही आलेख नव्हता.

पुढच्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले, अम्मीने केलेले खजुराचे लाडू घेऊन. खाली एका खोलीत ती शिकवण्या घेत होती. वीसेक पोरं, जमिनीवर. पहिलीतली आणि पाचवीतली मिसळून, मोठी लहानांना शिकवत होती. हे तिने कुठल्या अल्बममधून घेतलं नव्हतं, जागाच तेवढी होती. गुणाकारासाठी पुठ्ठ्यावर रंगीत चौकोन आखलेले आणि मण्यांऐवजी बाटल्यांची झाकणं. मी दारातच उभी राहिले. तिने मला बघितलं आणि तिचे खांदे आक्रसले. ते मी विसरणार नाही. "वही आणली नाही," मी म्हणाले. ती हसली नाही. पण सरकून जागा केली. मी पोरांत बसले, एकाने मला झाकणं मोजायला दिली आणि माझी बेरीज चुकली म्हणून ओरडला. जाताना मी तिला सांगितलं की दहा वाजताच्या घंटेची माझी एक गोष्ट आहे, कधी वेळ असला तर सांगेन. सतरा मुद्द्यांबद्दल माफी मागितली ती नीट जमली नाही, मध्येच तिची अम्मी चहा घेऊन आली.

ती शाळेत परत गेली नाही. शिकवण्यांत पैसे जास्त मिळतात आणि डोक्याला त्रास कमी, असं तिचं म्हणणं, आणि ते खरं आहे. शनिवारी मात्र कधीकधी येते, आता फोनवर व्हिडिओ कॉल लावतो आम्ही, तेवढी प्रगती झाली आहे. पहिले पाच-सहा शनिवार ती गप्पच बसायची. गेल्या महिन्यात आम्ही नद्यांच्या नावांच्या पट्ट्या कापत होतो, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. ती अचानक म्हणाली, "माझ्याकडे एक मुलगा आहे, आठ वर्षांचा. सगळं येतं त्याला. पण बरोबर आलेलं उत्तर खोडतो, रोज. खोडतो आणि माझ्याकडे बघतो."

ताईंनी कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "खोडल्यावर तू काय करतेस?"